माळावरचे कारखाने

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीत खिडकीजवळची जागा मिळाली आणि आदर्कीचा घाट मागे पडला, म्हणजे कृष्णाकाठच्या मुलखाची एक गोष्ट चौकस प्रवाशाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. सातारा रोड, कऱ्हाड आणि किर्लोस्करवाडी ही या मार्गावरील तीन ठिकाणे घ्या. तेथे बंदर नाही, कोळशाची वा लोखंडाची खाण नाही, सावकारी पेढ्यांनी गजबजलेली बाजारपेठही नव्हती. असे असूनही विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत या एकाच लोहमार्गाच्या कडेने तीन नामांकित कारखाने उभे राहिले. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा नांगरांचा आणि पुढे तेलाच्या इंजिनांचा, कऱ्हाड स्टेशनाजवळ ओगले बंधूंचा काचेचा आणि कंदिलांचा, आणि कुंडल रोड या लहानशा स्टेशनाजवळ लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा. मुंबईस बंदर होते आणि कापसाचा व्यापार होता. तेथे गिरण्या निघाल्या यात नवल नाही. पण या ओसाड माळांवर निवडुंग आणि साप यांच्यावाचून दुसरे काय होते, की ज्याच्या आधारे कारखाना काढावा?

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या घरांतून नेहमी ऐकू येतात. पहिले असे की, ही सारी एकेका थोर पुरुषाची करणी. तो जेथे उभा राहील तेथे सोने पिकेल. दुसरे असे की, धंदा हा मराठी माणसाच्या रक्तातच नाही; दोनचार अपवाद झाले, ते नियमच सिद्ध करितात. वरवर पाहता ही मते परस्परविरुद्ध भासतात, पण दोहोंचे फळ एकच. पहिल्याने आपण हात जोडून मोकळे होतो, दुसऱ्याने हात झटकून. इतिहासाचा थोडा बारकाईने विचार करू जाता, ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत असे आम्हांस वाटते. आणि ती अपुरी कशी, हे दाखविण्याचा येथे विचार आहे.

प्रथम लक्ष्मणरावांचेच उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात झाला. घरात कारखानदारीचा वारसा नव्हता. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंग आपणांस नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर त्यांना चित्रकला सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळावे लागले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल संस्थेत ते शिक्षक झाले. फावल्या वेळात गुंड्या कर, औषधाच्या गोळ्यांसाठी डब्या कर, असे लहानसहान उद्योग त्यांनी करून पाहिले. नोकरीत बढतीची पाळी आली तेव्हा ती दुसऱ्यास दिली गेली आणि लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. बेळगावात वडीलबंधू रामचंद्रपंत यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले होते, तेथे ते परतले. दुकानाबरोबर कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर असा क्रम लागला. बिडाचे ओतकाम त्यांना कोणी गुरूने शिकविले नाही. परदेशची पुस्तके आणि मासिके वाचून, साचे मोडून, पुन्हा करून ते त्यांनी साधिले.

हा पहिला नांगर १९०३ च्या सुमाराचा. तो खपावयास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन नासते, विष भिनते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती, आणि हा दाखला आपले सुशिक्षित लोक ‘अडाणी कुणब्याचे’ उदाहरण म्हणून मोठ्या चवीने सांगतात. आम्हांस या गोष्टीचा अर्थ निराळा वाटतो. ज्याची सारी दौलत एक बैलजोडी आणि चार बिघे जमीन, त्याने न पारखलेल्या हत्यारावर रोख रुपये टाकावयास कचरावे, हे अडाणीपण नव्हे. तो हिशेब आहे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराचा फाळ झिजला वा मोडला, तर कोणाकडे जावे? या प्रश्नाचे उत्तर कारखान्याकडून येईपर्यंत शेतकरी थांबला, इतकेच. शिवाय प्रारंभीच्या नांगरांचे फाळ खरोखरीच मऊ पडत. ही तक्रार लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाचे अज्ञान म्हणून धुडकावली नाही. फाळाची धातू सुधारली. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे हात हात खोल जातात. ती उपटावयास लाकडी नांगराला सहाआठ बैल जोडूनही पुरे पडत नसे. हे काम लोखंडी नांगर करितो, सुटे भागही मिळतात, अशी खातरी पटताच त्याच शेतकऱ्याने तो घेतला. आमच्या मते या प्रांताच्या कारखानदारीचा पहिला आधार तो हा: शेतकऱ्याची खरी गरज आणि त्याची कडक परीक्षा. किर्लोस्करांचे पुढचे सारे माल पाहा. उसाचा चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, पाणी उपसण्याचा पंप, यांतील प्रत्येक वस्तू मोटेच्या धावेवर आणि गुऱ्हाळात निर्माण झालेल्या अडचणीचे उत्तर आहे.

दुसरा आधार जमिनीचा आणि सवडीचा. बेळगावची जागा कारखान्यास सोडावी लागली. शहरच्या वाढीसाठी ती हवी होती. सामान उचलून जावे कोठे, हा प्रश्न पडला असता औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. औंधच्या यमाई देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपविले होते. तेव्हा माणूस त्यांच्या पारखीतला होता. कुंडल रोड स्टेशनाजवळील ३२ एकर माळ आणि १०,००० रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. १९१० साली पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे त्या माळावर आली. निवडुंग तोडून आणि साप मारून वसाहत झाली, आणि पुढे स्टेशनचे नावही वसाहतीवरून किर्लोस्करवाडी असे झाले.

औंध म्हणजे काही बडोदे वा म्हैसूर नव्हे. सुमारे ५०० चौरस मैलांचे, तेही तुटक तुकड्यांत विखुरलेले संस्थान. त्याच्या तिजोरीतले दहा हजार रुपये हे मुंबईच्या शेटजीच्या दहा हजारांसारखे नव्हते. परंतु अशा लहान राजाजवळ एक गोष्ट होती, जी इंग्रज सरकारच्या कलेक्टराजवळ नव्हती: निर्णय घेण्यास त्याला वरचा हुकूम आणावा लागत नसे, आणि माळ ओसाड राहिला काय नि वसला काय, याची त्याला जातीने फिकीर होती. औंधच्याच मुलखात, कऱ्हाड स्टेशनाजवळ, ओगल्यांचा काचकारखाना १९१६ साली उभा राहिला, हा केवळ योगायोग नव्हे. तीच गोष्ट शेजारच्या संस्थानांची. कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या व्यापारास जागा दिली आणि १९०६ साली कापडाच्या गिरणीची कोनशिला बसविली. इचलकरंजीस जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग लाविला, आणि त्या एका मागाच्या खटखटीतून पुढे हजारो माग असलेले नगर निर्माण झाले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा पन्हाळगडावर निकामी पडलेल्या तोफा शाहू महाराजांनी ओतकामासाठी किर्लोस्करांस दिल्या. ज्या तोफांनी कधी काळी शत्रूस धाक घातला, त्यांचे नांगर झाले. राजसत्तेचा याहून चांगला शेवट आम्हांस सुचत नाही.

यावरून संस्थानी कारभार सर्वत्र असाच होता असे मात्र कोणी समजू नये. शिकारी, मोटारी आणि विलायतच्या वाऱ्या यांत रयतेचा पैसा उडविणारे राजे याच काळात थोडे नव्हते. मुद्दा इतकाच की, उद्योगास प्रारंभी जे लागते ते मुख्यतः भांडवल नसून धीर होय. दोन वर्षे माल खपला नाही तरी जो तगादा लावीत नाही, असा धनको हवा. तो येथे एका राजाच्या रूपाने भेटला. अन्यत्र तो पतपेढीच्या वा सहकारी संस्थेच्या रूपाने भेटू शकतो. राजे गेले, तशा धनकोची गरज मात्र गेलेली नाही.

ओगल्यांच्या कारखान्याची कथा काळाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १९०५ च्या स्वदेशी चळवळीच्या लाटेत पैसा फंडाने तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना १९०८ साली काढिला. घरोघर एकेक पैसा जमवून उभारलेली ही संस्था. ईश्वरदास वार्ष्णेय हे परदेशांत काचविद्या शिकून आलेले गृहस्थ तिचे पहिले धुरीण. काच या देशात होऊ शकते, आणि ती आपले तरुण करू शकतात, हे तेथे सिद्ध झाले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि ऑस्ट्रिया-जर्मनीकडून येणारा काचमाल थांबला. त्याच पोकळीत गुरुनाथ प्रभाकर ओगले आणि त्यांचे बंधू यांनी आपला कारखाना घातला. चिमण्या आणि बरण्या यांपासून आरंभ करून पुढे त्यांनी ‘प्रभाकर’ कंदील काढिला, आणि विलायती कंदिलाशी झगडून तो गावोगाव पोचविला. आमच्या वडिलांचा शाळकरी अभ्यास या कंदिलाच्या उजेडात झाला. त्याची काच राखेने पुसण्याचे काम घरातल्या मुलांकडे असे, आणि ती फुटली तर मिळणारा प्रसाद काही स्वदेशी म्हणून सौम्य नसे! मराठी मुलखातील किती वकील, मास्तर आणि डॉक्टर त्या एका पिवळ्या ज्योतीपाशी घडले, याची गणती कोणी केलेली नाही.

पुढे गावांत वीज आली. विजेने कंदील मागे टाकिला, हे योग्यच झाले. पण कंदिलामागे उभा असलेला कारखानाही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडला. ओगलेवाडी हे नाव राहिले, भट्टी विझली. याउलट किर्लोस्करवाडीने नांगरास चिकटून राहणे नाकारिले. १९२० साली कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतून १९२६ साली पदवी घेऊन आले, आणि हळूहळू पंप, यंत्रे आणि इंजिने यांकडे धंदा वळला. १९४१ साली हरिहरास यंत्रकारखाना आणि १९४६ साली पुण्यास तेलइंजिनांचा व बंगळुरास विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. मूळ माळावर आजही पंप तयार होतात. एकाच्या मालाची गरज सरली आणि दुसऱ्याने गरजेबरोबर माल बदलिला, हा या दोन वाडींमधील ठळक भेद होय. धंद्यातील निष्ठा वस्तूवर असून चालत नाही. ती गिऱ्हाइकाच्या अडचणीवर असावी लागते.

येथे वाचकांस एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. १९२० साली या कारखान्याने गिऱ्हाइकांसाठी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे एक लहानसे पत्रक सुरू केले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. नांगरांच्या माहितीसाठी निघालेल्या त्या पत्रकाचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्यास मिळाली. आपल्या आज्यांनी ज्या मासिकांतून नव्या विचारांची पहिली चव घेतली, ती एका ओतशाळेच्या आवारात छापली जात होती. वाङ्मय आणि उद्योग यांचा संबंध नसतो, असे मानणाऱ्या आमच्यासारख्या पंतोजींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता या कथेतील दुःखद प्रकरण टाळून चालावयाचे नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण निघाला, आणि त्यापाठोपाठ दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जी जाळपोळ झाली, तिच्या ज्वाळा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यापर्यंत पोचल्या. हजारो शेतकऱ्यांचे नांगर ज्या भट्टीत झाले, तिच्या आवारास आग लागली. या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने निषेधावर थांबू नये. कारखाना शेतकऱ्याच्या गरजेवर उभा होता. तरी क्षोभाच्या घटकेस तो त्यास आपला वाटला नाही. मालक एका जातीचे, घामाचे काम बहुतेक दुसऱ्या जातींचे, ही दरी वसाहतीच्या टापटिपीने झाकली गेली होती, बुजली नव्हती. कारखाना राखेतून पुन्हा उभा राहिला. दरी बुजविण्याचे काम निराळ्या मार्गाने झाले. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्याच मालकीचा साखर कारखाना काढिला, आणि १९५० साल सरता सरता त्याची चक्रे फिरू लागली. तेच वळण पुढे सांगली-कोल्हापुराकडे पसरले. ज्याच्यासाठी यंत्र करावयाचे, तोच यंत्राचा धनी झाला. या संस्थांचे दोष आज सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या जन्माचे कारणही तितकेच ठाऊक असावे.

तिसरा आधार आम्ही मुद्दामच शेवटी ठेविला आहे. कारण त्याचे चरित्र कोणी लिहीत नाही. तो आधार म्हणजे मिस्त्री. कोल्हापूरच्या आसमंतात गुऱ्हाळे वाढली, तसे लोखंडी चरक आले. विहिरींवर तेलाची इंजिने आली. चरक मोडे, इंजिन बंद पडे, आणि ऐन हंगामात दूरच्या कारखान्याची वाट पाहण्यास सवड नसे. तेव्हा सुतार, लोहार, मराठे अशा घरांतील मुले दुरुस्ती करू लागली. दुरुस्ती करता करता सुटा भाग, सुट्या भागावरून साचा, साच्यावरून नवे यंत्र, अशी ही शाळा चालली. तिला इमारत नव्हती आणि पदवीदान समारंभही नव्हता. आज कोल्हापुरात ज्या शेकडो ओतशाळा आहेत आणि ज्यांचे सुटे भाग देशोदेशींच्या मोटारींत बसतात, त्यांचे मूळ या दुरुस्तीच्या ओट्यांत आहे. राजाश्रय गेला, पहिल्या पिढीतले कारखानदार गेले, कोल्हापूरच्या गिरणीचा भोंगाही थांबला. पण हाताचे कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे गेले आणि टिकले. एखाद्या प्रांताचे खरे औद्योगिक भांडवल कोणते, असे कोणी विचारिले, तर आम्ही या हातांकडे बोट दाखवू.

आणि येथेच आमचा स्वतःचा, म्हणजे सुशिक्षित मध्यम वर्गाचा, प्रश्न उभा राहतो. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयात प्रवेशाचे अर्ज तपासण्याचे काम आमच्याकडे आले होते. एका हुशार विद्यार्थ्याने वडिलांच्या व्यवसायापुढे ‘नोकरी’ असे लिहिले होते. बोलता बोलता कळले की, वडिलांची स्वतःची लहानशी ओतशाळा आहे आणि आठ माणसे त्यांच्या हाताखाली काम करितात. मग ‘नोकरी’ असे का लिहिले, असे आम्ही विचारिले. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, ओतकाम लिहिलं की लोक वेगळ्या नजरेनं बघतात.” आम्ही त्यास चार उपदेशाच्या गोष्टी सांगितल्या, आणि अर्ज दुरुस्त करविला. परंतु त्या दिवशी घरी परतताना आमच्या ध्यानात आले की, तो ज्या नजरेविषयी बोलला ती आमचीच होती. तीस वर्षांच्या अध्यापनात चांगल्या विद्यार्थ्यास आम्ही कोणता मार्ग दाखविला? स्पर्धा परीक्षा, बँक, परदेश. ‘धंदा कर’ असे आम्ही सांगितलेच असेल, तर ते ज्याचे गुण कमी पडले त्याला.

धंदा मराठी माणसाच्या रक्तात नाही, हे म्हणणे म्हणूनच खोटे आहे. रक्ताचा येथे संबंधच नाही. ज्या काळी नडीच्या वस्तूचा शोध घेणारा माणूस, धीर धरणारा धनको आणि कुशल हात ही तीन एकत्र आली, त्या काळी निवडुंगाच्या माळावर कारखाने उभे राहिले. जेथे त्यांतील एक तुटला, तेथे भट्टी विझली. यांतील धनको निर्माण करणे आमच्यासारख्या मास्तरांच्या हाती नाही. कर्तबगार पुरुष तर कोणाच्याच सांगण्याने जन्मास येत नाही. पण हाताच्या कामास मान देणे, निदान त्याची लाज वाटेल असे वातावरण घरात आणि वर्गात न ठेवणे, इतके तरी आमच्या हातचे आहे. तो विद्यार्थी पुढे काय झाला, हे आम्हांस ठाऊक आहे. पदवीनंतर तो वडिलांच्या ओतशाळेत गेला. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याने हात पुढे केला. तळव्यास वाळूचा आणि काजळीचा काळा रंग होता, आणि या खेपेस त्याने मान खाली घातली नाही.